थेंबाची साक्ष
मेलकावेरी, शनिवार.

खाचराकाठचे इंजिन हँडल मारमारून दमलो, तरी पांढऱ्या धुरापलीकडे ते दाद देईना. तेव्हा फिल्टर नि नळीतील हवा यांची रीतसर तपासणी आटोपून अखेर इंधनपंपाच्या टायमिंगचीच चौकशी आरंभिली. उच्च दाबाची नळी सोडून, दोन्ही झडपा मिटल्याची खातरजमा करून (कारण फोर-स्ट्रोकमध्ये फ्लायव्हीलवरील खूण एका कार्यचक्रात दोनदा समोर येऊन भल्याभल्यांना फसविते) चाक अगदी सावकाश फिरविले, तो पंपाच्या मुखाशी निश्चल असलेला डिझेलचा थेंब खूण पुढे निघून गेल्यावर हलला; म्हणजे डिझेल उशिरा सुटत होते. मागील दुरुस्तीत पंपाखाली कोणी, बहुधा मीच, एक पॅकिंग जादा घातले होते! व्यंकोजीराजांच्या काळापासून या मुलखात रुजलेल्या आमच्या मराठीत, तमिळच्या सहवासातही, स्वतःला देण्याजोग्या शिव्या शाबूत आहेत. पॅकिंग काढले, तिसऱ्या हँडलला इंजिन लागले.