सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही

'गाडी स्टार्ट होत नाही' असा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असावा: चावी फिरवल्यावर काय होतं? नुसतं 'टक्' वाजून सगळं गप्प होत असेल तर दुखणं बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग किंवा सेल्फमध्ये. इंजिन नीट फिरतंय पण धरत नाही, असं असेल तर रस्ताच वेगळा. ही टिपणं या दुसऱ्या दुखण्याची आहेत, आणि मुख्यतः कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांची: पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, सुरुवातीच्या काळातली मारुती 800.

*

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवेत मिसळलेलं पेट्रोल, ठिणगी आणि दाब. तिन्ही असून भागत नाही, त्या वेळेवर याव्या लागतात. चार सिलिंडरच्या पद्मिनीचा क्रम 1-3-4-2, तीन सिलिंडरच्या 800 चा 1-3-2. प्लगच्या वायरी एकदम उपटून काढल्या आणि परत लावताना दोन इकडच्या तिकडे झाल्या, तर ठिणगीही येते, पेट्रोलही येतं, आणि गाडी फक्त कार्ब्युरेटरमधून फटाके फोडते. म्हणून वायर एका वेळी एकच काढावी.

*

'सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी चांगली' हे मी अनेक जाणत्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. ते पूर्ण खरं नाही. सेल्फ भरपूर करंट ओढतो. जेमतेम बॅटरी इंजिन तर फिरवते, पण त्याच क्षणी कॉइलला मिळणारा व्होल्टेज इतका पडतो की ठिणगी मरतुकडी होते. पूर्ण चार्ज असलेली 12 व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना साधारण 12.6 दाखवते. मीटर लावून सेल्फ मारा. काटा साडेनऊच्या खाली जात असेल तर पुढचं काही उघडण्याआधी बॅटरी चार्ज करा आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. जुन्या गाड्यांत ही पट्टी गंजलेली हमखास सापडते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

आणि सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त एका दमात मारू नये. त्याला निवायला वेळ द्यावा. चालू न होणाऱ्या गाडीवर अर्धा तास सेल्फ मारणारा माणूस एका बिघाडाचे तीन बिघाड करून ठेवतो.

*

ठिणगी आधी की पेट्रोल आधी? मी ठिणगी म्हणतो. कारण ती तपासायला दोन मिनिटं लागतात आणि उत्तर स्पष्ट मिळतं. एक प्लग काढायचा, त्याच्या वायरीत बसवायचा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकवायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. प्लग हातात धरायचा नाही; झटका जोरदार बसतो. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, तेव्हा ठिणगी भोकापासून आणि कार्ब्युरेटरपासून लांब ठेवायची. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. निळसर, कडक, 'टक टक' आवाजाची ठिणगी आली तर पेट्रोलकडे वळा. पिवळट-लाल, कधी येते कधी नाही, अशी असेल तर इथेच थांबून शोध घ्या.

काढलेला प्लगही वाचता येतो. टोक पेट्रोलने ओलं: पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये. टोक कोरडं ठाक: पेट्रोलच पोचत नाहीये. काळी, मऊ काजळी: बरेच दिवस मिश्रण जाड चाललंय, बहुतेक चोक अडकलाय. हा एक प्लग नीट पाहिला की निम्मा तपास होतो.

*

पॉइंट. डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढा, रोटर वर उचला, खाली दोन छोटे संपर्क दिसतील. इंजिन हाताने हळू फिरवलं की मधल्या दांड्याचा कोपरा येतो, फायबरची टाच ढकलतो आणि संपर्क उघडतात. उघडण्याच्या त्याच क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. टॉर्च जवळ नेऊन पाहिलं तर जुन्या पॉइंटच्या एका तोंडावर बारीक टेकाड आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा दिसतो. रंग राखाडी, कडा जळक्या. फायबरची टाच झिजली की अंतर कमी होत जातं आणि एक दिवस पॉइंट उघडतच नाहीत. सेल्फ छान, ठिणगी शून्य.

अंतर साधारण 0.4 ते 0.5 मिमी हवं. फीलर गेज नसेल तर दाढीचं साधं ब्लेड साधारण 0.1 मिमी जाडीचं असतं. चार ब्लेड जुळवून धरली की घरी पोचण्यापुरतं काम होतं. तोंडं बारीक पॉलिश पेपरने घासावी आणि कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावी. बोटाचं तेल लागलं तरी पॉइंट रुसतात.

पॉइंटवरच मोठी, पिवळी ठिणगी उडत असेल आणि प्लगवर मात्र काहीच नसेल, तर कंडेन्सर गेला. हा करंगळीच्या पेराएवढा डबा अगदी स्वस्तात मिळतो. जुनी गाडी बाळगणाऱ्याने एक कंडेन्सर आणि एक पॉइंटचा सेट डिकीत ठेवावाच.

*

बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची ही पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बसवली. 1910 च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. दोन वर्षांनी, 1912 च्या कॅडिलॅकमध्ये, त्याचाच इलेक्ट्रिक सेल्फ आला. म्हणजे आपल्या तक्रारीचे दोन्ही भाग, फिरणारा सेल्फ आणि न येणारी ठिणगी, एकाच माणसाच्या टेबलावरून निघाले. साठ-सत्तर वर्षं जगभरच्या गाड्या याच रचनेवर धावल्या. ती उघड्या डोळ्यांनी पाहता येते, बोटांनी दुरुस्त करता येते. याबद्दल मला मनापासून आदर आहे.

*

जुलै. चिपळूणच्या अलीकडे एक 800 रस्त्याच्या कडेला, कुटुंब आत, बोनेट वर. रात्रभर पाऊस, गाडी उघड्यावर. सेल्फ दणदणीत, पण स्टार्ट होत नव्हती. जवळच्या गॅरेजमधला मिस्त्री आला. त्याने एकच प्रश्न विचारला, "दादा, काल गाडी कुठं उभी होती?" मग डेल्कोचं झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसलं, कॉइलचं तोंड पुसलं, वायरी पुसल्या, झाकण उन्हाकडे धरून आत पाहिलं. दोन खुंट्यांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती. "ही चीर आहे. आत्ता चालेल, पुढच्या पावसात परत बसाल. झाकण बदला." गाडी पहिल्या सेल्फला लागली.

ती रेघ म्हणजे कार्बनचा माग. करंट एकदा त्या वाटेने गेला की पुन्हा तिथूनच जातो, प्लगपर्यंत पोचत नाही. अंधारात बोनेट उघडून सेल्फ मारला तर अशा गळत्या निळ्या ठिणग्यांनी स्वतःच दिसतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यातला हा सगळ्यात नेहमीचा बिघाड, आणि औषध म्हणजे फडकं.

*

पेट्रोल. एअर फिल्टरचं झाकण काढून, इंजिन बंद असताना, कार्ब्युरेटरच्या घशात पाहा आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने दाबा. बारीक पिचकारी उडाली तर फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे. नाही उडाली तर मागे मागे जायचं: कार्ब्युरेटरकडे येणारी नळी काढून बाटलीत सोडायची, ठिणगी होऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर सोडवायची आणि सेल्फ मारायचा. पेट्रोल ठोके देत बाटलीत आलं तर पंप ठीक, अडकलंय ते पुढे सुई किंवा जेटमध्ये. नाही आलं तर फिल्टर, नळी, टाकी आणि पंप.

इंजिनावर बसणाऱ्या यांत्रिक पंपाला आपल्याकडचे मिस्त्री 'एसी पंप' म्हणतात. त्यातला पडदा फाटला की पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. तेलाची पट्टी काढून वास घ्या. तेलाची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी अजिबात चालवू नका. पंप आणि तेल दोन्ही बदला.

टाकीचं झाकण उघडताना 'स्स' आवाज आला आणि त्यानंतर गाडी लागली, तर हवेचं भोक बुजलंय. एवढ्याशा भोकासाठी अख्खा कार्ब्युरेटर खोललेला मी पाहिलाय.

बाटलीने कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोल ओतून सेल्फ मारायची पद्धत रस्त्यावर सर्रास दिसते. उलटा भडका उडाला की बाटली हातात पेटते. कृपा करून हे करू नका, आणि करणाऱ्याला थांबवा.

*

महिनोन्महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल उतरतं: आंबट, वार्निशसारखा वास, जेटमध्ये चिकट थर. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. आपल्या उसाच्या मळीतून ते तयार होतं, त्याला माझा विरोध नाही. पण 1985 च्या गाडीची नळी, पंपाचा पडदा आणि फ्लोटची सुई त्या काळच्या पेट्रोलसाठी बनली होती. हे तीन भाग नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत. आणि उभी राहणारी गाडी पंधरा दिवसांतून एकदा तरी फिरवावी.

*

मे महिना, बोरघाट. पूर्वी खंडाळ्याच्या चढावर फियाटची रांग लागलेली असे आणि पंपावर ओली फडकी टाकून ड्रायव्हर सावलीत बसलेले. इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलू शकत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी आपोआप लागते. पण तापलेली कॉइलही हेच नाटक करते: गरम झाली की मरते, निवली की जिवंत. दोन्हींत फरक करायचा तर गाडी बंद पडल्यावर, ती निवण्याआधी ठिणगी पाहावी लागते. निवल्यावर पाहिलं तर काहीच कळत नाही. कॉइलला हात लावून चटका बसत असेल तर संशय पक्का.

*

ओव्हरफ्लो: पेट्रोलचा उग्र वास, प्लग ओले. चोक पूर्ण आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा (पंप करू नका) आणि सेल्फ मारा. नाहीच जमलं तर प्लग काढून वाळवा.

*

कानाचा उपयोग. निरोगी इंजिन सेल्फवर 'घुर्र-घुर्र-घुर्र' अशा लयीत फिरतं, कारण दर दाबाला त्याला जोर लागतो. लय जाऊन नुसतं सुळसुळ, हलकं, नेहमीपेक्षा वेगात फिरायला लागलं तर दाब गेलाय. 800 ला टायमिंग बेल्ट असतो, पद्मिनीला चेन. 800 मध्ये असा आवाज आला की सेल्फ लगेच थांबवा, डेल्कोचं झाकण काढा, दुसऱ्याला अर्धा सेकंद सेल्फ मारायला सांगा. रोटर फिरला नाही तर बहुधा बेल्ट तुटलाय. टोचन लावून गॅरेज गाठा.

वर्षभर उभ्या गाडीत रिंगा कोरड्या पडूनही दाब जातो. प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पाहावं.

*

एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या गाड्या. चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. नाही आली तर आधी फ्यूज आणि रिले. डॅशवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी चावीला ओळखत नाहीये. दुसरी चावी लावून पाहा. आणि उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्यांत कुरतडलेली वायर नेहमी शोधावी.

*

डिझेल जीप. इथे ठिणगीच नाही. टाकी कोरडी होईपर्यंत चालवली किंवा फिल्टर बदलला की 'गाडीने एअर घेतली'. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं. फेसाळ बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. थंडीत सकाळी लागत नसेल तर हीटर प्लग पाहावेत.

*

पद्मिनी कुर्ल्याला बनली, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर टॅक्सीतळाशेजारचे ते मिस्त्रीही पांगले, ज्यांना नुसत्या आवाजावरून पॉइंट की पंप हे कळायचं. हे ज्ञान पुस्तकात फारसं उतरलेलं नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याजवळ बसून ते उतरवून घ्यायला हवं, आणि ते आताच.

*

तपासणी न करता कॉइल बदलली, मग प्लग, मग कार्ब्युरेटर, आणि शेवटी निघाली सैल अर्थिंग: असं बिल मला कामचुकारपणाचं वाटतं. पार्ट बदलणं म्हणजे निदान नव्हे. ठिणगी पाहिल्याशिवाय कॉइल बदलायला हो म्हणू नका, आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

मेकॅनिककडे गेलात की 'स्टार्ट होत नाही' एवढ्यावर थांबू नका. गाडी शेवटची केव्हा चालली, पाऊस होता का, थंड असताना लागत नाही की गरम झाल्यावर, पेट्रोलचा वास येतो का, सेल्फचा आवाज बदललाय का, गेल्या महिन्यात कुणी कशाला हात लावला, हे सगळं सांगा. बेल्ट आणि पॉइंट कधी बदलले ते डॅशच्या कप्प्यात एका कागदावर लिहून ठेवा.