माना वळतात तेव्हा

नाझिया इरम यांचं ‘मदरिंग अ मुस्लिम’ पुन्हा वाचलं. 12 शहरांतल्या 145 कुटुंबांशी त्या बोलल्या. शाळेत मुस्लिम मुलांना ‘पाकिस्तानी’, ‘दहशतवादी’ म्हणून चिडवतात. चिडवणारी पोरं हे कुठे शिकतात? घरात जेवताना टीव्ही सुरूच असतो. 2020 मध्ये तबलिगी जमात या मुस्लिम धार्मिक संघटनेच्या लोकांवर कोरोना पसरवल्याचा ठपका ठेवत वाहिन्यांनी ‘कोरोना जिहाद’चा केवढा गजर केला! ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, माध्यमांच्या अपप्रचारावर ताशेरे ओढले. त्या निकालाचा तसा गजर झाला नाही, याचा मला अजून संताप येतो. आणि शाळेत चिडवलेलं मूल अनेकदा घरीही त्याबद्दल बोलत नाही.

उद्या आठवीला फाळणी शिकवायची आहे. पाकिस्तानचं नाव निघताच माना कोणाकडे वळतील, हे ठाऊक आहे. म्हणून सुरुवात मौलाना आझादांपासून करणार: फाळणीला विरोध करणारे, स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री.