बाजारकुणंगची तांबडी वाट

जोयड्याहून सकाळी सातला निघालो तेव्हा धुकं असं दाट होतं की पुढच्या चाकापलीकडचा रस्ता दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. डांबरावर टायरचा एकसुरी आवाज असतो. डांबर उखडलं की चरचर सुरू होते, खडी आली की खडखड, आणि जांभ्याचा भुगा दबून बसलेला असेल तिथे वाळल्या भाकरीचा तुकडा मोडावा तसा बारीक कुरकुर आवाज येतो. तासाभरात मला कानांनीच कळायला लागलं की आता ब्रेक दाबायचा की नाही.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. बेळगावहून गाडीच्या टपावर सायकल बांधून आदल्या संध्याकाळी जोयड्यात मुक्कामाला आलो होतो. मला वायव्येकडे, काळी नदीच्या उगमाच्या दिशेने, बाजारकुणंगला जायचं होतं. नकाशावर हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून ते डोक्यातून जात नव्हतं. चहूकडे हिरवं जंगल, जवळ रेल्वे नाही, मोठं गाव नाही, आणि नावात बाजार!

माझी सायकल ग्रॅव्हल जातीची. शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर ४५ मिलिमीटर रुंद, आणि आत ट्यूब नाही. ट्यूबऐवजी चिकासारखं द्रावण असतं. काटा शिरला की फणसाचा चीक साकळावा तसं ते भोकाच्या तोंडाशी साकळतं. हवा कमी ठेवायची, म्हणजे टायर दगडावर आपटत नाही, दगडाला धरून जातो. पुण्या-मुंबईचे सायकलवाले हल्ली खडीच्या वाटा शोधत फिरतात, कारण डांबरावर ट्रकची भीती. इथे ती नाही. पहिल्या दोन तासांत मला एक दुधाची मोटारसायकल, डोक्यावर सरपण घेतलेल्या दोन बायका आणि शाळेला निघालेली पाच पोरं भेटली. पोरं सायकलमागे धावली. चढ होता, त्यामुळे तीच पुढे गेली.

हा सगळा मुलूख काळी व्याघ्र प्रकल्पाच्या छायेतला. दांडेलीचं अभयारण्य १९५६ चं, अणशीचं राष्ट्रीय उद्यान १९८७ चं. २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला नदीचं नाव मिळालं. नाक्यावर वहीत नाव लिहिलं, अंधारापूर्वी मुक्कामी पोचायचं कबूल केलं आणि रस्ता सोडून आत कुठेही शिरायचं नाही, हे स्वतःला बजावलं. ऐन, किंदळ, नाणा, जांभूळ यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या. धुकं वितळताना पानांवरून टपटप पाणी पडत होतं, पाऊसच जणू. मध्येच वरून फडाफडा आवाज आला, एखादा जड पडदा झटकावा तसा. मान वर केली तर धनेशाची जोडी दरी ओलांडून चालली होती. पंखांचा आवाज पक्षी दिसेनासे झाल्यावरही थोडा वेळ येत राहिला.

एका वळणावर झाडी विरळ झाली तिथे मी थांबलो. काळीचं पाणी पुढे पूर्वेला सुप्याच्या जलाशयात जातं. सुपा हे या तालुक्याचं जुनं ठाणं, काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं. १९८७ मध्ये गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं आणि कचेरी, बाजारपेठ, देवळं, घरांच्या जोत्यांसकट ते गाव पाण्याखाली गेलं. ठाणं जोयड्याला आलं. जुन्या माणसांच्या तोंडी तालुक्याचं नाव अजून सुपाच आहे. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांशी मराठीत बोललं की ती खुलतात. आपसांत ती कुणबी कोकणी बोलतात, शाळेतली पोरं कन्नड. मला तिन्ही थोड्या थोड्या येतात आणि इथे तिन्ही लागल्या.

पुढच्या उतारावर चूक केली. कुरकुर आवाजावर भरवसा ठेवून ब्रेक सोडला आणि वळणापलीकडे ताजी फोडलेली खडी पसरलेली निघाली. मागचं टायर कडेला नखाएवढं फाटलं. पांढरा चीक फसफसून बाहेर आला, तांबड्या धुळीत त्याची गुलाबी लापशी झाली, पण भोक काही बुजेना. टायरमध्ये घालायची रबरी वात माझ्याजवळ होती. ती सुईत ओवून आत दाबत होतो, तेवढ्यात वरच्या पायवाटेने एक आजी उतरली. पाठीवर कोयती अडकवलेली, कुणबी पद्धतीने लुगड्याची गाठ खांद्यावर.

"पुता, खंय वता?"

"बाजारकुणंगाक, आजी."

ती हसली. "बाजाराक? आतां खंय आसा बाजार!"

तिने विचारलं नाही, मीही नको म्हटलं नाही. पाच मिनिटांत मी तिच्या अंगणात होतो. मातीच्या भिंतींचं घर, शेणाने सारवलेलं खळं, कडेला भाताच्या पेंढ्याची उडवी. उकड्या तांदळाची पेज, भिरंडाची कढी आणि राखेत भाजलेली कणगी. कणग्या ती माझ्यासमोरच उकरायला गेली. मातीत कोयतीचं टोक खुपसायचं नाही, कंदाला इजा होते. बाजूने माती सैल करत जायचं आणि शेवटी हाताने ओढायचं. निघाला तो सगळा घोस मुठीएवढ्या कंदांचा, वर केसाळ मुळं आणि मातीचे गोळे. या तालुक्यातले कुणबी कंदांसाठी प्रसिद्ध आहेत. कणगी, कोनफळ, मुडली यांच्या कितीतरी जाती त्यांनी परसात सांभाळल्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या वनखात्याने डोंगरउतारावर रान जाळून केल्या जाणाऱ्या कुमरी शेतीवर बंधनं आणली, रान राखीव केलं. त्यानंतरही परसातला कंद घरात राहिला. भाजलेल्या कणगीची साल निघताना वाफ आली आणि आत पांढराशुभ्र, रव्यासारखा गर. मीठही लागलं नाही.

आजीचा तो प्रश्न उरलेल्या वाटेवर माझ्याबरोबर होता. या घाटमाथ्यावरून गोव्याकडे उतरणाऱ्या वाटा फार जुन्या. वरून तांदूळ, खालून मीठ आणि सुकी मासळी, ने-आण बैलांच्या पाठीवर. अशा वाटेवरच्या गावाच्या नावात बाजार असावा यात नवल नाही. मग १८८८ मध्ये मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे घाट चढून आली आणि माल रुळांवर गेला. त्या रुळांवर वर इंग्रज, खाली पोर्तुगीज. कॅसलरॉक हे सरहद्दीचं स्टेशन. १९४७ नंतरही ती सरहद्द राहिलीच. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीचे काही सत्याग्रही त्या बाजूनेही गोव्यात शिरले, आणि सरहद्द पुसली गेली ती १९६१ च्या डिसेंबरात. तोवर बैलांच्या वाटा गवताखाली गेल्या होत्या. मग धरण आलं, मग वाघांसाठी राखीव रान. कोअर क्षेत्रातून स्वखुशीने उठणाऱ्या कुटुंबाला आधी १० लाख मिळत, २०२१ पासून १५ लाख. काही घरं उठली, काही राहिली. मी ज्या निवांतपणाच्या शोधात आलो होतो तो इथे आपोआप पडलेला नाही. एकेक करून माणसं आणि माल दुसरीकडे वळवले गेले, तेव्हा हा रस्ता इतका मोकळा झाला.

दुपारी तीनला गावात पोचलो. कौलारू घरं लांब लांब विखुरलेली, मध्ये कापणी झालेली भातशेतं, बांधावर माड-पोफळी. ज्या घरी उतरायचं ठरलं होतं तिथल्या काकांनी पायांवर गरम पाणी घातलं आणि पहिलं विचारलं ते रस्त्याबद्दलच. "कसा होता?" मी मनापासून म्हणालो, "फार सुंदर." ते गप्प झाले. मग सांगायला लागले. पावसाळ्यात ओढे फुगतात, गाडी येत नाही. आजारी माणसाला कांबळ्याच्या झोळीत घालून चौघांनी खांद्यावर न्यायचं. बाळंतीण असली तर आठवडाभर आधीच नातलगाकडे नेऊन ठेवायची. रस्ता पक्का करायचा तर राखीव रानाच्या परवानग्या.

इटलीत, टस्कनीतल्या गायोले या गावात, १९९७ मध्ये सायकलवाल्यांनी पांढऱ्या मातीच्या वाटांवर डांबर पडू नये म्हणून एक फेरी सुरू केली. आज तिथे जगभरातून लोक जुन्या सायकली घेऊन जातात. मला ती गोष्ट फार आवडते आणि काकांना सांगायची म्हणून जिभेवर आलीही होती. सांगितली नाही. तिथल्या त्या वाटेच्या टोकाला बारमाही दवाखाना असतो. माझ्या सायकलला खडी हवी, काकांच्या सुनेला डांबर हवं, आणि तिचं म्हणणं आधी ऐकायला हवं. वाघाच्या रानातून भरधाव रस्ता नेऊ नये हेही मला तितकंच पटतं. पण पूल बांधला म्हणून रान मोडत नाही. ओढ्यावर पूल आणि पावसात टिकणारी एक पट्टी एवढं तरी व्हावं, मग माझं टायर रुंद असो की अरुंद.

दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवर गेलो. डिग्गीच्या बाजूला उगम पावणारी काळी इथे अजून लहान आहे. १८४ किलोमीटर वाहत जाऊन ती कारवारला समुद्राला मिळते, वाटेत एवढे मोठे जलाशय भरते, इतकी वीज देते. इथे मात्र मी सायकल खांद्यावर घेऊन दगडांवरून पलीकडे गेलो आणि पाणी घोट्याच्या वर आलं नाही. थंडीने पाय बधिर झाले. शीळकरी कस्तूर कुठेतरी दगडाआड एखाद्या पोराने वाट हरवून शीळ घालावी तसा गात होता.

निघताना काकांची सून बाहेर आली. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. तिची मुलगी जोयड्याच्या वसतिगृहात शिकते, सुट्टीनंतर परत गेली होती. "जोयड्याक वतात न्हय? इतलें दिशात?" चार किलोची तरी कणगी होती, वर केळीच्या पानात काहीतरी वेगळं. मी सीटमागच्या पिशवीतून माझे कपडे काढून पाठीवरच्या झोळीत कोंबले आणि गाठोडं तिथे नीट बसवून दोरीने आवळलं. तिने दोरी स्वतः ओढून पाहिली.

उतारावर मागचं चाक जड लागत होतं. ताज्या खडीच्या वळणावर मी उतरलो आणि सायकल हाताने धरून चाललो. फाटलेल्या टायरमधली वात टिकून होती. पावणेदोनला वसतिगृहाच्या दारात पोचलो तेव्हा जेवणाची घंटा होत होती. एक मुलगी ताट हातात धरूनच धावत आली. तिने गाठोड्याची गाठ बघितली, सोडायच्या आधीच.

"आयेन दिलां," ती मैत्रिणींना म्हणाली.