कणकेचा विसावा

आमच्या घरी आखाजी दोन दिवस आधीच सुरू व्हायची, आणि ती गव्हापासून सुरू व्हायची. मोठी माय, म्हणजे माझी आजी, ओसरीत जुनं लुगडं अंथरायची, त्यावर निवडून ठेवलेला गहू ओतायची, तांब्यात हात बुडवायची आणि तो ओला हात गव्हावरून फिरवत राहायची. गहू भिजवायचा नाही, नुसता ओलवायचा. दाण्यात ओल मुरली पाहिजे, पण तळाला थेंब दिसता कामा नये. मग लुगड्याची चारी टोकं बांधून ते गाठोडं रात्रभर कोपऱ्यात, आणि दुसऱ्या दिवशी दळण. एकदा मी विचारलं होतं, कोरडाच दळला तर काय होतं? "कोंडा पिठात उतरते," एवढं बोलून ती उठली आणि कामाला लागली.

तिचं हे वाक्य मला पुढे धान्यशास्त्र शिकताना पाठ्यपुस्तकात भेटलं. ओल लागली की गव्हाची साल चिवट होते आणि आतला पिठाचा गाभा मऊ पडतो. दळताना सालीचा चुरा होत नाही, मोठे पापुद्रे सुटतात आणि चाळणीवर राहतात. मोठमोठ्या रोलर गिरण्या याच कारणासाठी गहू काही तास ओलवून ठेवतात. तिथे या कामाला कंडिशनिंग म्हणतात. वर्गात हे शिकवलं जात असताना माझ्या डोळ्यांसमोर ओसरीतलं गाठोडं होतं.

गेली तीस वर्षं मी गव्हाच्या प्रथिनांवर काम करते. पीठ ताणलं की किती ताणतं, कुठे तुटतं आणि का तुटतं, हा माझा रोजचा विषय. पण या विषयाची पहिली प्रयोगशाळा म्हणजे तापीकाठच्या आमच्या गावातलं अंगण, आणि पहिला प्रयोग म्हणजे मांडे. दिवाळीच्या अंकात वैशाखातल्या सणाबद्दल लिहिते आहे, कारण फराळ घरी करायचा की विकत आणायचा हा विषय दर दिवाळीला घराघरांत निघतो. त्यावर मला जे सांगायचं आहे ते मी मांड्यांकडूनच शिकले.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. आमच्याकडे हा दिवाळीच्या तोडीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. आणि पानात आमरसाशेजारी घडी घालून ठेवलेली, दीड-दोन फूट रुंदीची, रुमालासारखी मऊ पुरणपोळी असते. ती लाटत नाहीत. हातावर वाढवतात आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजतात. हाच आमचा मांडा.

दळून आलेलं पीठ दोघी जणी धोतराच्या मऊ कापडातून वस्त्रगाळ करायच्या. त्या सपिटात मीठ घालून मोठी माय आधी घट्टसर कणीक मळायची. मग परातीत बसून पाण्याचा हबका मारत ती तिंबायची, उचलून आपटायची, पुन्हा पाणी, पुन्हा तिंबणं. पोळीच्या कणकेत शंभर ग्रॅम पिठाला साधारण 60 ते 65 ग्रॅम पाणी बसतं. मांड्याची कणीक त्याहून खूप जास्त पाणी पिते. शेवटी तिला घट्ट म्हणता येत नाही आणि पातळही म्हणता येत नाही. उचलली की ती हातातून सावकाश खाली उतरू लागते.

आम्हा पोरांना खेळायला एकेक गोळी मिळायची. एका वर्षी मी माझी गोळी पाण्याच्या वाडग्यात चोळत बसले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. ते ओतून नवं घेतलं, तेही पांढरं झालं. चार-पाच वाडगे झाल्यावर पाणी नितळ राहिलं आणि माझ्या मुठीत राखाडी, रबरासारखी गुठळी उरली. ताणली की ताणायची, सोडली की आखडायची. मी घाबरून ती मोठ्या मायला दाखवली. तिनं बोटात धरून ताणून पाहिली आणि म्हणाली, "हे आहे म्हणून मांडा होते. ज्वारीत नाही हे."

इटलीत बोलोन्याच्या जाकोपो बेकारी यांनी 1728 मध्ये नेमकं हेच करून दाखवलं होतं. गव्हाची कणीक पाण्यात धुतली, स्टार्च वाहून गेला आणि चिवट भाग उरला. त्यांचं हे काम 1745 मध्ये छापलं गेलं आणि ग्लुटेनचा अभ्यास तिथून सुरू झाला. आज आपल्याला ठाऊक आहे की त्या गुठळीत मुख्यतः दोन प्रकारची प्रथिनं असतात. ग्लायडिनमुळे कणीक वाहती, पसरणारी होते. ग्लुटेनिनमुळे तिला ताण आणि मागे येण्याचा जोर मिळतो. मांड्याला दोन्ही हवेत, आणि नेमक्या मेळात हवेत. खपली गव्हाचं ग्लुटेन कमजोर, त्यामुळे त्याची खीर उत्तम होते पण मांडा हातावरच फाटतो. बन्सीत प्रथिनं भरपूर असली तरी त्याची कणीक ताणली की एक तर मागे येते, नाही तर तुटते. लोकवन गहू गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झाला आणि 1980 च्या दशकात आपल्याकडे पसरला. आमच्या घरानं मांड्यांसाठी तो एकदा धरला तो सोडलाच नाही.

मांडे चांगले झाले की बघणारे म्हणतात, काय मळलंय! मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला पुण्यात मी एकटीनं मांडे करायला घेतले. प्रयोगशाळेत पीठ हाताळायची सवय होती, आत्मविश्वास होता. कणीक अर्धा तास तिंबली आणि लगेच करायला बसले. पहिला मांडा हातावर घेतला तर तो आखडून परत लहान व्हायला लागला! जोर लावला, फाटला. दुसरा फाटला. मला वाटलं, मळणं कमी पडलं, म्हणून आणखी तिंबली. मग तर ती कणीक ऐकेचना. बारा गोळे गेले आणि शेवटी पानात साध्या पोळ्या वाढल्या. रात्री गावी फोन केला. मोठ्या मायनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिले इसावा दिला होता का?"

विसावा. लहानपणी मी तो दर आखाजीला पाहिला होता, पण तो कामाचा भाग आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिंबून झाल्यावर ती कणकेवर पाणी ओतायची, परात झाकायची आणि दुसऱ्या कामाला जायची. तेवढ्यात डाळ शिजायची, पुरण वाटलं जायचं, चूल पेटायची. आम्हाला वाटायचं, कणीक बाजूला ठेवलीय आणि खरं काम आता चाललंय. प्रत्यक्षात त्या झाकलेल्या परातीत सगळ्यात मोठं काम चाललेलं असायचं. तिंबल्यानं ग्लुटेनचं जाळं तयार होतं, पण ते ताठ झालेलं असतं. ओढलं की तितक्याच जोरानं मागे येतं. तसंच पडून राहू दिलं की पाणी पिठाच्या कणाकणात पोचतं आणि जाळ्यातला ताण हळूहळू सैलावतो. मग तीच कणीक न फाटता पसरते.

माझ्या प्रयोगशाळेत एक्सटेन्सोग्राफ नावाचं यंत्र आहे. कणकेचा वळा दोन बाजूंनी धरून आकड्यानं मधोमध ओढायचा आणि तो तुटेपर्यंत किती जोर लागला, किती ताणला, याचा आलेख काढायचा. या चाचणीच्या प्रमाणित पद्धतीत वळा केल्याबरोबर कणीक कधीच ओढत नाहीत. आधी 45 मिनिटं ती उबदार कप्प्यात ठेवायची, मगच ओढायची. पुन्हा वळून, पुन्हा ठेवून 90 व्या आणि 135 व्या मिनिटाला. मी रोज घड्याळ लावून कणकेला विसावा देत होते आणि घरी मांडे करताना तो विसरले होते.

पुरणाचाही असाच एक नियम आहे. कणीक जितकी मऊ तितकंच पुरण मऊ. पुरण घट्ट राहिलं तर कणीक पुढे पळते आणि पुरण मधे गोळा होऊन बसतं. सैल झालं तर कडेनं फुटतं. गूळ घालून शिजवताना पळी पुरणात उभी राहिली की उतरवायचं. आणि वाटताना कणी म्हणून उरू द्यायची नाही. मांड्याची पारी इतकी पातळ ताणली जाते की हरभऱ्याच्या डाळीचा एक अख्खा कण तिला आतून भोक पाडतो. पाट्यावर बसलेली माझी आई पुरण चिमटीत घेऊन चोळायची. बोटांना काही लागलं की पुन्हा वरवंटा फिरायचा.

मग हातांचं काम. पुरण भरलेला गोळा आधी थोडा थापून, हलक्या हातानं वाढवून फुई, म्हणजे माझी आत्या, तो उचलायची. या हातावरून त्या हातावर, पंजाच्या पाठीवरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. मांडा आपल्याच वजनानं वाढत जायचा. बोटांची टोकं कुठेच लागू द्यायची नाहीत, नखाचा ओरखडाही पुरतो. खिडकीच्या उजेडात धरला की आतलं पुरण पिवळसर ढगासारखं दिसायचं. तेवढ्यात काकूनं खापर तयार ठेवलेलं असायचं. पऱ्हाट्यांचा जाळ भरभर पेटतो आणि खापराला सगळीकडून कवेत घेतो. माती लोखंडासारखी झटकन उष्णता पुढे देत नाही, त्यामुळे एखादीच जागा करपण्याचा धोका कमी. आणि खापराच्या घुमटामुळे मांडा पडताना चारी बाजूंनी आणखी थोडा खाली ओघळतो, म्हणजे शेवटचा ताण त्याला खापरच देतं. हे सगळं काही क्षणांत व्हावं लागतं. कणीक साठेक अंशांच्या पुढे तापली की स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो, मागोमाग ग्लुटेनही घट्ट होतं, आणि त्यानंतर मांडा तसूभरही वाढत नाही. मिनिटभरात तो भाजून निघतो. वहिनी गरम असतानाच त्याची घडी घालते. गार झाल्यावर घातली तर मोडते.

हे करायला किती माणसं लागली ते मोजा. गोळे भरणारी एक, हातावर वाढवणारी एक, खापराशी एक, घडी घालणारी एक, जाळ सारणारं एखादं पोर. मराठीत मनातले मांडे आहेत ते उगाच नाहीत. एकट्याला मांडे मनातच खाता येतात.

ही रीत फार जुनी. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे 1130 च्या सुमारास, गहू धुऊन, वाळवून, दळून, चाळून तापलेल्या खापरावर मंडक भाजण्याची कृती आहे. बेळगावकडे साखर भरलेले कुरकुरीत मांडे होतात, नागपूर-भंडाऱ्याकडे उपड्या मडक्यावर बिनपुरणाची लांब रोटी होते. आणि कुंभारांनी खापर नाकारलं म्हणून मुक्ताईनं ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले ही कथा तर घराघरात आहे. आमच्या तापीकाठी मुक्ताईचं देऊळ आहे, त्यामुळे आम्हाला ती घरातली हकिगत वाटायची. त्या कथेतही बघा, करणारी एक आहे आणि पाठ देणारा दुसरा आहे.

आता आमच्या जिल्ह्यात मांडे मागणी नोंदवून मिळतात. अनेक बायांचे संसार त्यावर उभे राहिले आहेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही. त्यांच्याकडून मांडे आणण्यात काहीच कमीपणा नाही. पण घरी मांडे होत नाहीत याचं कारण विचारलं की सगळे म्हणतात, आता ते कसब राहिलं नाही. मला हे पटत नाही. कसब चार-सहा वेळा फाटून येतं. अवघड आहे ते चार माणसांनी एका सकाळी एका चुलीशी येणं आणि झाकलेल्या परातीशेजारी दोन तास घाई न करता बसणं. मला मांडे येतात ते त्या दोन तासांमुळे. फुईनं गोळा कसा भरायचा ते तेव्हा दाखवलं, आईच्या बोटांनी पुरणातली कणी कशी शोधायची ते तेव्हा कळलं. मळताना कुणी कुणाला शिकवत नाही, श्वास पुरत नाही. शिकवणं होतं ते कणीक विसावा घेत असते तेव्हा.

यंदाच्या आखाजीला आम्ही गावच्या घरी जमलो होतो. फुई आता ऐंशीची आहे, खाटेवर बसून सगळं बघते. माझी एकोणीस वर्षांची भाची पहिल्यांदाच मांडा हातावर घेणार होती. परात झाकून अर्धा तास झाला नाही तोच तिनं झाकण काढलं. फुईनं तिला जवळ बोलावलं, तिचं बोट धरून कणकेत दाबायला लावलं. खड्डा पडला आणि लगेच भरून आला. "अजून नाही," फुई म्हणाली.

त्या वेळात फुईनं तिला आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीची हकिगत सांगितली. ती मीही आधी ऐकलेली नव्हती. पुढे भाचीचा पहिला मांडा कोपरापाशी विरला. वहिनीनं तो तसाच खापरावर घेतला आणि अशी घडी घातली की भोक आत गेलं. दुसरा खिडकीएवढा झाला नाही, पण आख्खा उतरला.

दुपारी जेवणं झाल्यावर उरलेल्या पिठाची कणीक तिनं स्वतःच तिंबायला घेतली. तिंबून झाल्यावर पाणी ओतलं आणि झाकली. थोड्या वेळानं माझा धाकटा भाऊ येऊन म्हणाला, "चला, घ्या करायला." तिनं झाकण किंचित उचललं, कणकेत बोट दाबलं, खड्ड्याकडे बघत राहिली.

"अजून नाही, मामा," ती म्हणाली आणि परात झाकून त्याच्यासाठी पाट ओढला.