आमची दगडपरीक्षा

निवृत्त माणसाला छंद हवा, असं सगळे सांगतात. कोणता नको, ते कुणी सांगत नाही. माझ्याबरोबर नोकरीत असलेले एक गृहस्थ पेटी शिकायला लागले. तीन महिन्यांत त्यांच्या शेजाऱ्यांनी घर बदललं. तेव्हा मी विचारपूर्वक, कुणालाच उपद्रव होणार नाही असा छंद निवडला: दगड गोळा करण्याचा. दगड गात नाही, खात नाही, आणि त्याला फिरायला न्यावं लागत नाही.

नागपूरकराला या छंदासाठी लांब जायला नको. नागपूर, भंडारा आणि पलीकडे बालाघाट हा सगळा मँगनीजचा पट्टा. शंभरावर वर्षं इथे खाणी चालल्या आहेत, आणि कामाचं नव्हतं ते बाहेर फेकून फेकून ढीग उभे राहिले आहेत. फर्मर नावाच्या साहेबाने १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. छिंदवाड्याकडच्या सीतापार गावातल्या एका खनिजाला त्याने ‘सीतापाराइट’ असं नाव दिलं. पुढे कळलं की ते दुसऱ्याच नावाने आधीच ठाऊक असलेलं बिक्सबाइट! झालं, सीतापारचं नाव यादीतून उडालं. मतदारयादीतून आमचं उडतं तसंच.

तुमसरचा माझा मेहुणा खटपट्या. त्याने एका जुन्या, बंद खाणीच्या ढिगाशी जाण्याची परवानगी काढली. मी पिशवी, हातोडी आणि टोपी घेऊन शिकाऱ्याच्या ऐटीत ढिगावर चढू लागलो, तोच चौकीदार ओरडला, “सायेब, वर नोका चढू जी! दगड सुटला का तुमच्यासंगंच खाली येते.” मग पायथ्याशीच वाकून वेचलं. वाकून वेचण्यात ऐट उरत नाही, पण माणूस उरतो.

घरी आल्यावर लक्षात आलं की सगळेच दगड काळे. काळ्यात काळं ओळखायचं कसं? त्याची युक्ती सोपी आहे. दगड न झिलई केलेल्या चिनीमातीवर घासायचा आणि रेघेचा रंग पाहायचा. लोहखनिज हेमॅटाइट दिसायला काळं असलं तरी रेघ तांबूस उमटते; पायरोलुसाइटची काळीच. लोणच्याच्या बरणीची बूड या कामाला उत्तम, हा शोध माझा. बरणी हिची. त्या दिवशी जेवणात लोणचं नव्हतं.

पायरोलुसाइट तर इतका मऊ असतो की हाताला काजळी लागते. ती मी धोतराला पुसली. “आधी हात धुवा,” ही म्हणाली, आणि खरं तर शास्त्रही तेच म्हणतं. स्कॉटलंडमध्ये मँगनीज दळणाऱ्या कामगारांची चाल बिघडल्याचं कूपर नावाच्या डॉक्टरने १८३७ सालीच लिहून ठेवलंय. धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की मेंदूवर परिणाम होतो. म्हणून दगड कोरडा झटकायचा नाही, पाण्यात बुडवून घासायचा; आणि जिभेला लावून चव तर मुळीच बघायची नाही. एवढं सगळं मी वाचलं होतं. वाचलेलं आठवणं ही निराळी विद्या.

त्या दगडांत एक होता, काळ्या सालीचा. फोडल्यावर आत गुलाबी! मी हरखलो. आता हा ऱ्होडोनाइट की ऱ्होडोक्रोसाइट? पुस्तकात दिलं होतं की दुसरा कार्बोनेट, कोमट हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये फसफसतो. संडास धुण्याचं अ‍ॅसिड घरात होतंच. रविवारची दुपार, बायको झोपलेली, आणि सहा वर्षांचा नातू मदतनीस. न्हाणीघरात दार लोटून, कानतुटक्या कपात अ‍ॅसिड ओतलं, दगडाचा तुकडा काळ्या सालीसकट टाकला, आणि कप गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. नातू उकिडवा बसून कपात डोकावत होता. “आजोबा, फसफसलं!”

फसफसलं खरं. पण वास आला तो नळाच्या पाण्यात टीसीएल जास्त पडल्यावर येतो तसा, शंभरपट. आणि त्या क्षणी शाळेतलं ते समीकरण डोळ्यांपुढे उभं राहिलं, जे लिहून मी पाचपैकी पाच गुण मिळवले होते: मँगनीज डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, यांपासून क्लोरीन. शेलेने १७७४ साली क्लोरीन शोधला तो नेमका असाच. काळी साल म्हणजे तोच मँगनीज डायऑक्साइड. गुणपत्रिकेत असलेलं ज्ञान न्हाणीघरात उपयोगी पडलं नव्हतं.

त्याच समीकरणाखाली गुणधर्म पाठ केले होते: ‘हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड’. म्हणजे वायू खाली बसतो. मी उभा होतो. खाली बसला होता नातू.

त्याला कसा उचलला ते मला आठवत नाही. पातेलं लवंडलं, दार आपटलं, आणि आम्ही दोघं गॅलरीत खोकत होतो. ही जागी झाली, काही न विचारता सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि न्हाणीघरात कुणाला जाऊ दिलं नाही. डॉक्टरांनी मुलाला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. सात वाजता त्याने आइस्क्रीम मागितलं, तेव्हा माझे हात कापायचे थांबले. सुनेने मला एक शब्दही ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी हिने विचारलं, “पण अहो, तो दगड कोणता निघाला?”

म्हटलं, “दोन्ही गुलाबी. फरक असा की ऱ्होडोक्रोसाइट सुरीने खरवडला जातो, ऱ्होडोनाइटवर सुरी सहसा चालत नाही.”

ती काही क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरातून सुरी आणून तिने उरलेल्या गुलाबी तुकड्यावर जोर लावून ओढली. दगडाला काही झालं नाही. सुरीची धार मात्र गेली.

“ऱ्होडोनाइट,” मी म्हणालो.

“आणि ही सुरी धार लावून आणायची,” ती म्हणाली. “आजच.”