दाराबाहेरची

पंढरपुरात चंद्रभागेची आंघोळ उरकून, ओल्या पायांनी घाट चढून महाद्वाराच्या रस्त्याला लागले की देवाच्या आधी ती भेटते. दोन्ही बाजूंना तुळशीच्या माळा, बुक्का, लाह्या-चुरमुरे, पितळेचे विठोबा. त्या गजबजाटात देवळासमोर चोखोबांची, म्हणजे संत चोखामेळ्यांची समाधी. तिच्या पुढ्यात नामदेवाची पायरी, पायरीच्या वर दार, दाराच्या आत देव. ती रस्त्यावर.

माझ्या आजीचा नमस्काराचा क्रम ठरलेला होता. आधी चोखोबा, मग नामदेव, मग विठोबा. लहानपणी मी तिला विचारले होते, हे बाहेर का? आजी कपाळ टेकून उठली, पदराने बुक्का पुसला आणि म्हणाली, "आत घेत नव्हते त्यांना." पुढे काहीच नाही. बाकी गोष्टी रंगवून सांगणारी आजी या गोष्टीला रंग लावत नसे.

समाधी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सगळे संपवून शांत बसलेले कोणीतरी येते. ही तशी नाही. ही वाट बघणारी आहे. दारावर नजर ठेवून बसलेल्या माणसाचा ताण तिच्या जागेतच आहे. चार पावले पुढे सरकली असती तर पायरी लागली असती. त्या चार पावलांसाठी तिने किती थांबावे? चोखोबा गेले ते 1338 साली. साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले ते 1 मे 1947 रोजी, तनपुरे महाराजांच्या मठात. दहा दिवसांनी मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याचे मान्य झाले. मधली वर्षे मोजली तर 609 भरतात. तेवढ्या काळात राज्ये आली, बुडाली. वाऱ्या येत राहिल्या, टाळ वाजत राहिले, आणि चोखोबांच्या महार जातीचा वारकरी तिच्यापाशी येऊन थांबत राहिला. त्याच्यासाठी देऊळ इथेच संपत होते. त्याने डोके टेकले ते हिच्यावर, कळस पाहिला तो हिच्या शेजारून. मी तिच्याजवळ उभा राहतो तेव्हा मला देवापेक्षा ती कपाळे आठवतात.

तिच्या पोटात आहेत ती हाडे. मंगळवेढ्याला, इथून पंचवीसेक किलोमीटरवर, गावकुसाच्या भिंतीचे काम चालले होते. महारांना वेठीला धरले होते. भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा आणि त्यांच्याबरोबरची माणसे गाडली गेली. नामदेव तिथे गेले तेव्हा ढिगाऱ्यात कोणाची हाडे कोणती हे ओळखू येत नव्हते. आख्यायिका सांगते की त्यांनी एकेक हाड कानाला लावले आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आले ते वेचून आणले. मग महाद्वारासमोर समाधी बांधली.

चोखोबांच्या आख्यायिकांत देव सारखा धावून येतो. त्यांच्या पंगतीला जेवायला बसतो. ताक-दही सांडले तर देवाच्या पीतांबराला डाग पडतो. चोखोबांना थोबाडीत बसते आणि देवाचा गाल सुजतो. रत्नहाराच्या चोरीचा आळ घेऊन त्यांना बैलांना जुंपतात, तर बैल जागचे हलत नाहीत. पण भिंतीच्या दिवशी? देवाने भिंत हाताने तोलून धरली, असे कोणीही रचले नाही. एवढे चमत्कार सांगणाऱ्या लोकांना आणखी एक सांगणे काय जड होते! त्यांनी भिंत पडू दिली, कारण ती पडली होती. त्या दिवशी कोणी आले नाही. आणि त्यानंतरही हाडांतून नाम येत होते, एवढेच त्यांनी सांगितले. मला ही जागा फार खरी वाटते. वाचवले म्हणून विश्वास ठेवणे समजते. इथे वाचवले नव्हते.

ती गप्प आहे म्हणून चोखोबा गप्प होते असे कोणी समजू नये. ते देवाला जाब विचारत. मला हीन का केलेस, विटाळ म्हणतात तो नेमका कोणाच्या देहात नाही, देव आणि भक्त यांच्यामध्ये हे लोक कोण, असे प्रश्न त्यांच्या अभंगांत येतात. काही ठिकाणी ते आपल्या जन्माचा दोष पूर्वकर्माला देतात हेही खरे, आणि तिथे वाचताना माझा जीव तुटतो. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे घर अभंग रचणारे. त्यातला कर्ममेळा बापासारखा सोसत नाही. तो देवाशी सरळ भांडतो, तुझ्या दारी आम्हाला मान कुठला, म्हणून. मला त्याच्या भांडणातही भक्तीच दिसते. ज्याच्याकडून न्यायाची आशा उरलेली नसते त्याच्याशी कोण भांडेल?

पुढच्या काळात याच समाजातल्या लिहित्या माणसांनी चोखोबांना कठोर प्रश्न विचारले. एवढे सोसायचे कशाला, म्हणाले. त्यांचा तो हक्क आहे. समाधीने तेही ऐकून घेतले. 1935 साली येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगून बाबासाहेब आंबेडकर या वाटेवरून दूर निघाले. पण 1948 साली त्यांचा अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ आला, तो तिघांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. देऊळ सोडून निघालेल्या माणसाने देवळाबाहेर बसलेल्याचे नाव बरोबर घेतले. त्या अर्पणपत्रिकेशी मी दर वेळी थबकतो.

दार उघडले, पण ती आत गेली नाही. आहे तिथेच आहे. कोणी तिला घाईघाईने हात लावून पुढे जातो, कोणी तिच्या आडोशाला पिशवी ठेवून चपला शोधतो. कोणाला ती कोणाची हेही ठाऊक नसते.

तिला खरी ओळख देते ती आषाढी. त्या दिवशी लाखो माणसे येतात आणि त्यांतली बहुतेक आत पोचत नाहीत. रांग मैलोगणती लांब, पायांत शक्ती नाही, गावाकडे पेरणी खोळंबलेली. मग ती माणसे महाद्वारापाशी येतात, मान वर करून कळस बघतात, हात जोडतात आणि त्यालाच दर्शन मानून परततात. चोखोबा जन्मभर जिथून बघत राहिले तिथूनच त्या दिवशी सगळे बघतात.

आजीची शेवटची वारी अशीच झाली. गुडघे धरलेले, रांगेत उभे राहणे शक्य नव्हते. गर्दीतून वाट काढत मी तिला समाधीपर्यंत आणले. तिने डोके टेकले, मग तिथेच एका हाताने समाधीचा आधार घेऊन उभी राहिली आणि कळसाकडे बघत बसली. मागून लोक ढकलत होते. मी म्हटले, आजी, चल आता. तिने पुडीतला बुक्का समाधीला लावला, उरलेला माझ्या कपाळाला, आणि विचारले, "गाडी कितीची आहे?"