कोब्याखाली काय आहे?

बाबांची फियाट खालून बघायची म्हणजे जॅक लावून पाठीवर आडवं व्हायचं. आई मला ते करू देत नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं. गाडी जॅकवर उचलून खाली शिरणं हा धोका किती मोठा आहे, हे गॅरेजवाल्यांना विचारावं. शेवटी येरवड्यातल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्येच टू पोस्ट लिफ्ट बसवायची असं ठरलं. मला गाडी चालवता येते, प्लग साफ करता येतो. त्यापुढचं सगळं नवीन होतं.

लिफ्टच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 4 टन. आमची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, फार तर टनभर. मग काळजी कसली? हेच मी पलीकडच्या गल्लीतल्या मेस्त्रींना विचारलं. ते घरी आले. पत्रक त्यांनी हातातही घेतलं नाही. उकिडवे बसले आणि हातोडीने जमीन ठोकत ठोकत भिंतीपर्यंत सरकले. दाराजवळ आवाज टणक आला, दोन हात आत गेल्यावर बद्द.

"ताई, कोब्याखाली काय आहे?"

मला माहीत नव्हतं. आईला एवढंच आठवत होतं की घर बांधताना मुरूम टाकून चोपला होता. कोपऱ्यात छिन्नीने फोडून पाहिलं. वर जेमतेम दोन बोटं सिमेंट, त्याखाली विटांचे तुकडे, मग मुरूम. गाडी उभी करायला ही जमीन कितीही वर्षं पुरली असती, कारण तिथे वजन फक्त खाली दाबतं. लिफ्टचं तसं नसतं, आणि हे समजायला मला वेळ लागला.

गाडी दोन खांबांच्या मधोमध, खांबातून आत आलेल्या चार हातांवर लटकते. प्रत्येक खांबाच्या वाट्याला साधारण अर्धा टन येतं, पण ते खांबाच्या डोक्यावर नसतं. दोन-तीन फूट आतल्या बाजूला असतं. त्यामुळे खांब आत झुकू पाहतो. त्याच्या पायपट्टीची आतली कड जमिनीत दाबली जाते आणि बाहेरची कड उचलली जाते. ती उचलू नये म्हणून धरून ठेवतात ते अँकर बोल्ट. बोल्ट आवळला की त्याचं टोक भोकात फुगतं आणि काँक्रीटला घट्ट पकडतं. विटांच्या तुकड्यांत ते कशाला पकडणार? पत्रकावरचे 4 टन लोखंडाचे होते. जमिनीचा आकडा त्यात कुठेच नव्हता, आणि ज्याने लिफ्ट विकायला काढली होती त्याने जमिनीबद्दल एक शब्दही विचारला नव्हता. याचा मला आजही राग आहे.

जमीन उकरली. मुरूम पुन्हा चोपला, सळ्यांच्या दोन जाळ्या बांधल्या आणि आठ इंच एम-25 काँक्रीट ओतलं. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात, तोवर पाणी मारत राहायचं आणि ड्रिल लावायचं नाही. जाळी बांधणाऱ्या माणसाने आपणहून शास्त्रीनगरचा विषय काढला. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्या बांधकामावर पायासाठी उभारलेली सळ्यांची जाळी कोसळून 5 मजूर गेले होते. आमच्यापासून ते काही लांब नाही. आधाराशिवाय उभं राहिलेलं लोखंड काय करतं हे त्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि त्याच्यासमोर मलाही कुठलीच घाई करावीशी वाटेना.

भोकं पाडल्यावर मेस्त्रींनी प्रत्येकातली धूळ हवा मारून काढली. धूळ राहिली तर बोल्टची पकड ढिली पडते. मग टॉर्क पाना. सांगितलेल्या मापाला सगळे बोल्ट आवळले गेले. जो नुसता फिरतच राहतो तो बोल्ट धरत नाहीये, असं समजून जागा बदलावी लागते.

एवढं झाल्यावर गाडीकडे वळलो, तर तिथे दुसरंच. फियाटला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. लिफ्टचे रबरी पॅड रनिंग बोर्डाखालच्या ठरावीक जागी लावायचे असतात. मेस्त्रींनी डाव्या बाजूला मागच्या चाकाजवळ स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि लाल भुगा खाली सांडला. वरून रंग चकचकीत होता. तिथे पॅड लावला असता तर पत्रा चेपून गाडी एका कोपऱ्यावर बसली असती. नवीन पत्रा वेल्ड करून घेतला, मगच गाडी आत आली.

पहिल्यांदा गाडी वीतभर उचलून थांबलो. बंपर धरून चांगली हलवली, चारही पॅड वाकून पुन्हा पाहिले. मग वर. चढताना खांबांतून खटखट आवाज येतो, दर काही इंचांवर लॉक पडत जातं. दोन्ही खांबांचा आवाज जोडीने आला पाहिजे. एक मागे राहिला तर थांबायचं आणि दोन्ही बाजू सारख्या करणारी वायर रोप तपासायची. हव्या त्या उंचीवर गेल्यावर गाडी किंचित खाली सोडून लॉकवर बसवायची. हे मला सगळ्यात उलट वाटलं होतं. पण तोवर वजन तेलावर असतं. तेलाची नळी फुटू शकते, सील गळू शकतं. लॉकवर बसली की वजन लोखंडावर. खाली आणताना आधी थोडी उचलायची, लॉक सोडवायचं, मगच उतरवायची.

आमचा स्लॅब दहा फुटांवर आहे. टप वर टेकायच्या आत थांबावं लागतं, म्हणून खाली उभं राहता येत नाही, स्टुलावर बसून काम चालतं. गिअरबॉक्स उतरवायच्या दिवशी मेस्त्रींनी मागच्या बाजूला एक उंच घोडी लावली. पुढचं वजन कमी झालं की तोल मागे जातो, जोर लावून नट सोडवताना गाडीला हिसके बसतात.

कारखान्यांसाठी 1948च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने शिस्त घालून दिली होती: माणसांच्या लिफ्टची दर 6 महिन्यांनी आणि वजन उचलणाऱ्या यंत्रांची दर 12 महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी. घरातल्या गॅरेजकडे असं कोणी फिरकत नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, काही बिघडलं की फोन करा. मला बिघडायच्या आधी यायला कोणीतरी हवं आहे. सध्या मेस्त्री येतात, पाना लावून एकेक बोल्ट बघतात, वायर रोपवरून फडकं फिरवतात. धागा तुटला असेल तर फडकं अडकतं. या कामाचे पैसे ते घ्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, मग येऊ नका. आता घेतात.